वाचकांचे प्रश्न : जन्मानंतर घटणारं वजन

या वेळच्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते. बाळ दवाखान्यात आहे, रोज काट्यावर ठेवलं जातं आणि आकडा खाली जातोय. मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली सात पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं नवजात शिशु कक्षात काम करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : बायकोचं सिझर झालं. मुलगी पूर्ण दिवसांची आहे, जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. आज तिसऱ्या दिवशी काटा २ किलो ६९० दाखवतो. घरची मंडळी म्हणतात, आईला दूधच नाही, पावडरचा डबा आणा. आणू का?
(मुलीचे वडील, जिंतूर)

या आकड्यावरून तरी आणू नका. आधी हिशेब करू. जन्माच्या वजनातून आजचं वजन वजा करा, आलेल्या आकड्याला जन्माच्या वजनाने भागा आणि शंभरने गुणा. तुमच्या मुलीचे २१० ग्रॅम गेले, म्हणजे सव्वासात टक्के. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन पहिल्या तीन-चार दिवसांत ५ ते ७ टक्के घटतं. सिझरच्या बाळांचं थोडं जास्त घटतं आणि भरून यायलाही एखादा दिवस जास्त लागतो. १० टक्क्यांच्या जवळ गेलं की बाळाला नीट तपासायचं आणि आई पाजताना शेजारी बसून पाहायचं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर थांबायचं नाही.

जातं ते मुख्यतः पाणी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात जन्मतः सुमारे ७५ टक्के पाणी असतं. पोटात असताना लागणारं हे जास्तीचं पाणी बाहेर आल्यावर लघवीवाटे निघून जातं, काळी शी पडते, श्वासातून आणि कातडीतूनही थोडं उडतं. त्या मानाने पोटात जाणारा चीक थोडा असतो. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर, म्हणजे २ ते १० मिली. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. निसर्गाने एवढाच हिशेब धरलेला आहे, आणि बाळाचं पोटही तेवढंच मागतं. प्रसूतीच्या आधी आईला बरंच सलाईन लागलं असेल तर त्यातलं थोडं पाणी बाळाकडेही जातं. जन्माचं वजन फुगीर येतं आणि पहिल्या २४ तासांतली घट मोठी दिसते.

दूध पुरतंय की नाही, हे काट्याआधी लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी निदान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन आणि पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी पहिल्या २४ तासांत काळी आणि चिकट, तिसऱ्या दिवसाकडे हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर पोटात दूध जात नाही, असं धरून चाला. लंगोटावर विटकरी डाग पहिल्या दोन दिवसांत दिसले तर चालतं, चौथ्या दिवशी दिसले तर बाळ तहानलेलं आहे.

आईला पान्हा साधारण ४८ ते ७२ तासांनी फुटतो. पहिलटकरीण असेल, सिझर झालं असेल किंवा मधुमेह असेल तर आणखी उशिरा. या मधल्या वेळात डबा आला की बाळाचं पोट भरतं, ते छातीला कमी लागतं आणि ओढलं गेलं नाही म्हणून दूध आणखी कमी बनतं. आज एवढंच करा. सिस्टरांना बोलवून बाळ नीट धरतंय का ते पाहून घ्या. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसतं बोंड न धरता भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेलेला हवा. टाके दुखत असतील तर आईने कुशीवर झोपून पाजावं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजल्यावर हाताने काढलेला चीक चमच्याने द्या. उद्या याच काट्यावर पुन्हा वजन करा.

डबा कधी लागतच नाही, असं नाही. काही बाळांना लागतो. पण तो तपासून डॉक्टरांनी सांगितल्यावर, मापात आणि वाटी-चमच्याने. बाटलीने नाही.

प्रश्न : आमच्याकडे पहिले तीन दिवस बाळाला मध आणि गुळाचं पाणी चाटवतात, म्हणजे अंगात बळ येतं. दवाखान्यात नर्सबाई देऊ देत नाहीत. नातवाचं वजन घटलंय, मग थोडं दिलं तर काय बिघडतं?
(एक आजी, वसमत)

आजी, बिघडतं. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढली की अंग लुळं पडतं आणि श्वासही थांबू शकतो. म्हणून पहिलं वर्षभर मध नाही. गुळाच्या पाण्याने वजन वाढत नाही. पोट मात्र भरतं, बाळ चीक पीत नाही आणि पाण्यातून जुलाब लागतात. चीक पिवळा आणि घट्ट असतो म्हणून काही घरांत पिळून टाकतात. तसं कुणी सांगितलं तर तुम्हीच आडव्या पडा. घरात तुमचा शब्द चालतो. सुनेला दर दोन-तीन तासांनी बसतं करून बाळ छातीला लावून देणं, यासारखं दुसरं बळ नाही.

प्रश्न : माझं बाळ ३२ आठवड्यांचं झालं, १ किलो ४८० ग्रॅमचं. सहाव्या दिवशी १ किलो ३१० भरलं. ते एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) काचेच्या पेटीत आहे, नळीने दूध देतात. सिस्टर म्हणतात ठीक चाललंय. मला मात्र रडू येतं. दूध एवढं थोडं का देतात? आणि हिशेब अजून जुन्याच वजनावर का करतात?
(बाळाची आई, मुखेड)

ताई, साडेअकरा टक्के घट झाली आहे. पूर्ण दिवसांच्या बाळात आम्ही याला धोक्याचं म्हटलं असतं. तुमच्या बाळात हे अपेक्षेतलंच आहे. दिवस न भरलेल्या बाळाच्या अंगात पाण्याचा वाटा ८० टक्क्यांच्याही पुढे असतो, कातडी पातळ असते आणि ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरखाली पाणी आणखी उडतं. अशा बाळांचं वजन रोज १ ते ३ टक्के, एकूण १० ते १५ टक्क्यांपर्यंत घटतं. जन्माचं वजन परत यायला दोन-तीन आठवडे लागतात.

हे पाणी जायलाच हवं असतं. पहिल्या दिवसांत भरमसाट सलाईन चढवून वजन टिकवलं तर हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हायची ती उघडी राहते, फुप्फुसांत पाणी साठतं आणि आतड्यांना सूज येण्याचा धोका वाढतो. पहिले दोन दिवस सलाईनमध्ये साखर असते, पण मीठ बहुधा घालत नाहीत. कारणही तेच, मीठ पाणी धरून ठेवतं.

आता मापाचं. दीड किलोच्या आतल्या बाळाला पहिल्या दिवशी सलाईन आणि दूध मिळून किलोमागे ८० मिली देतात, दीड किलोच्या पुढच्या बाळाला ६०. मग रोज किलोमागे साधारण १५ मिली वाढवत आठवड्याच्या सुमारास १५० मिलीपर्यंत नेतात. तुमच्या बाळाचे पहिल्या दिवशी ११८ मिली होतात. १५० वर पोचल्यावर दिवसाचे २२२, म्हणजे दर दोन तासांनी साडेअठरा मिली. दूध पोटात थांबून राहिलं, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर वाढवणं थांबवतात. हिशेब जन्माच्या वजनावर करतात, कारण गेलेलं पाणी आहे, बाळ लहान झालेलं नाही. घटत्या वजनावर हिशेब केला तर ज्याला जास्त हवं त्यालाच रोज कमी मिळेल. जन्माचं वजन ओलांडलं की नव्या वजनावर हिशेब सुरू होतो. तिथून पुढे रोज किलोमागे १० ते १५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला रोज १५ ते २२ ग्रॅम वाढ मिळाली तर चांगलं चाललंय. काही कक्ष याहून जास्तीचं लक्ष्य धरतात.

तुमच्या हातात दोन मोठी कामं आहेत. एक, दूध काढणं. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून निदान आठ वेळा आणि रात्री एकदा तरी. हात साबणाने धुवा, उकळलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी घ्या. अंगठा वर आणि तर्जनी खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवा. आधी छातीकडे मागे दाबा, मग दोन बोटं एकमेकांकडे आणा, सोडा, पुन्हा करा. बोटं कातडीवर घासू नका आणि बोंड ओढू नका. पहिले एक-दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथेच बऱ्याच जणी सोडून देतात. बोटांची जागा बदलत दोन्ही बाजूंनी मिळून २० मिनिटं द्या. उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, कक्षातल्या फ्रिजमध्ये २४ तास चालतं. दुसरं काम कांगारू काळजीचं. बाळ स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की नुसतं टोपडं, मोजे आणि लंगोट घालून त्याला छातीवर उभं, कातडीला कातडी लावून बांधा. दिवसातून निदान आठ तास, जमेल तेवढं जास्त. अंग ऊबदार राहिलं की दुधातली ताकद ऊब तयार करण्यात खर्च होत नाही, ती वजनाला लागते. बाळाचे वडील आणि आजीही हे करू शकतात.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. एका बाळाचं वजन सकाळी एका काट्यावर २,१२० आणि संध्याकाळी दुसऱ्या काट्यावर २,०४० ग्रॅम आलं. कोणतं धरायचं?
(परांडा)

दोन्ही धरू नका, उद्यापासून एकच काटा ठरवा. दोन किलोच्या बाळात ८० ग्रॅम म्हणजे जवळपास ४ टक्के. एवढ्या फरकावर कुणी सलाईन वाढवेल, कुणी पावडर सुरू करेल, आणि बाळात काहीच बदललेलं नसेल.

काटा डिजिटल, ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. टेबल सपाट असू द्या, वजन करताना पंखा बंद करा. पॅनवर धुतलेलं, किंचित गरम केलेलं कापड पसरा आणि मगच शून्य करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शून्य आधी केलं आणि कापड नंतर टाकलं की कापडाचं वजन बाळाच्या नावावर चढतं, आणि एक सुती दुपटं सहज शे-दीडशे ग्रॅम भरतं. बाळ पूर्ण उघडं ठेवा, लंगोटसुद्धा काढा, ओला लंगोट तर हमखास घोळ घालतो. रोज एकच वेळ, पाजण्याआधी. तळहात बाळाच्या वर धरा, पण टेकवू नका. आकडा थांबला की वाचा, बाळ उचला, काटा शून्यावर येतो का पाहा, पुन्हा ठेवा. दोन वाचनांत १० ग्रॅमहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा करा. लगेच लिहा, तोंडी सांगून नंतर लिहायचं ठेवू नका.

हाताला सलाईनची पट्टी आणि खपची असेल तर तशीच कोरी पट्टी-खपची काट्यावर ठेवून तिचं वजन वजा करा, आणि कागदावर “पट्टीसह” किंवा “पट्टी वजा” असं लिहा. पट्टी काढली त्या दिवशी घट दिसते आणि सगळे दचकतात, ते टळेल. आठवड्यातून एकदा वजनमापे विभागाचा शिक्का असलेलं एक किलोचं वजन ठेवून काटा तपासा. सेल उतरले की काटा मनाला येईल ते दाखवतो. पाजण्याआधी आणि नंतर वजन करून बाळ किती प्यालं ते पाहायचं असेल तर २ ते ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. १० ग्रॅमच्या काट्यावर ते करू नका, आईची उगाच निराशा होते.

प्रश्न : भाच्याला जन्मल्यावर लगेच रडता आलं नाही, म्हणून एसएनसीयूत ठेवलंय. जन्माचं वजन ३ किलो, तिसऱ्या दिवशी ३ किलो १३०. आम्ही खूश झालो, पण डॉक्टरांनी सलाईन कमी केलं. असं का?
(मामा, अंबड)

पहिल्या तीन दिवसांत आजारी बाळाचं वजन वाढणं ही आनंदाची बातमी नसते. जन्मताना प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडंही दुखावतात, लघवी कमी होते, आणि दिलेलं पाणी अंगात साठतं. पापण्या, पायांचे तळवे आणि पाठीचा खालचा भाग सुजलेला दिसतो. जंतुसंसर्गातही असं होतं. म्हणून लंगोट वजन करतात. कोरा आणि ओला यांतला फरक काढला की लघवी कळते, एक ग्रॅमला एक मिली. किलोमागे तासाला १ मिलीपेक्षा कमी लघवी म्हणजे कमी. तुमच्या भाच्यासाठी २४ तासांत ७२ मिलीच्या खाली. लघवी सुटली की वजन उतरेल. तेव्हा घाबरू नका, ते सुधारण्याचं लक्षण असेल.

प्रश्न : मे महिन्यात बहिणीची प्रसूती झाली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळ रडत नव्हतं, शांत झोपायचं, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पाचव्या दिवशी अंग तापलं, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात वजन २ किलो ३०० भरलं, जन्माचं २,७०० होतं. रक्तात सोडियम खूप वाढलंय म्हणाले आणि सलाईन अगदी हळू, दोन दिवस चालवलं. तहानलेल्या बाळाला इतकं हळू का?
(मावशी, माजलगाव)

जवळपास १५ टक्के घट झाली होती. वेळेत नेलंत, बरं झालं. सगळ्या पत्रांत आम्हाला सगळ्यात जास्त काळजी या पत्रातल्या “शांत झोपायचं” या दोन शब्दांची वाटते. भुकेलं बाळ आधी रडतं. मग त्याच्यात रडायचं बळ उरत नाही. पहिल्या आठवड्यात बाळ चार तास उठलं नाही तर त्याला उठवून, तळवे चोळून पाजायलाच हवं.

दूध कमी गेलं आणि बाहेर ४२ अंश ऊन असलं की पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. रक्तात सोडियम वाढतं आणि पेशींतलं पाणी रक्ताकडे ओढलं जातं. त्यामुळे कातडी फारशी सुकलेली दिसत नाही, टाळूही खोल जात नाही, आणि घरच्यांना काही कळत नाही. कावीळही यातलीच. शी कमी झाली की पित्त आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं.

हळू देण्याचं कारण मेंदूत आहे. सोडियम वाढलेलं असताना मेंदूच्या पेशींनी स्वतःला त्या खारटपणाशी जुळवून घेतलेलं असतं. रक्त एकदम पातळ केलं तर पाणी त्या पेशींत घुसतं, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. म्हणून सोडियम तासाला अर्ध्या एककाहून जास्त उतरू देत नाहीत, दिवसभरात १० ते १२ एकक पुरे. घरी वाटी-चमच्याने साधं पाणी पाजून हे कधीच दुरुस्त करायचं नसतं.

उन्हाळ्यात बाळंतिणीची खोली कोंदट ठेवू नका. पत्र्याचं घर असेल तर दुपारी बाळ-बाळंतिणीला घरातल्या सगळ्यात गार जागी हलवा. कूलर चालेल, वारा बाळावर थेट नको. एक सुती झबलं पुरे, दोन टोपडी आणि शेगडी नको. काखेत तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावं. आठ तासांत लघवी नाही, दूध ओढत नाही, अंग तापलेलं किंवा गार, पिवळेपणा तळपायापर्यंत, झटके, वेगाने श्वास, यातलं एकही दिसलं तर पाचवी पुजेपर्यंत थांबू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. एक बाळ जन्मतः २,२०० ग्रॅम, आज बाराव्या दिवशी २,१८०. आई-वडील पुढच्या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर निघणार. काय सांगू?
(धारूर तालुका)

बारशापर्यंत बहुतेक बाळं जन्माच्या वजनाला पोचतात, उशिरात उशिरा चौदाव्या दिवशी. हे बाळ काठावर आहे आणि मुळात कमी वजनाचं आहे. चौदाव्या दिवसाच्या भेटीत त्याच काट्यावर वजन करा. २,२०० ओलांडलं नसेल तर त्यांना निघू देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. पाजताना पाहा, काखेतलं तापमान घ्या, नाळ पाहा. कमी वजनाच्या बाळात अडलेली वाढ बहुधा तीन कारणांनी असते : पाजण्याच्या वेळा कमी, अंग गार पडणं, किंवा आत दडलेला जंतुसंसर्ग. पाजूनही बाळ लवकर दमत असेल तर आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने वर द्यायला शिकवा.

वाढ सुरू झाली की रोज २५ ते ३० ग्रॅम, आठवड्याला दोनशेच्या आसपास. एकविसाव्या दिवशी २,३५० च्या पुढे हवं. निघणं टळत नसेल तर माता व बाल संरक्षण कार्डावर आजवरची सगळी वजनं तारखेसह लिहून द्या. २१, २८ आणि ४२ या दिवसांच्या पुढे तारखा घाला आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी वजन करायला सांगा. तिथल्या आशाताईचा नंबर तालुक्यातून मिळवून आईच्या मोबाइलमध्ये टाका. प्रवासात बाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वेगळं झोपवायचं नाही, आईच्या छातीला बांधून, डोकं झाकून न्यायचं. पहाटेच्या थंडीत उसाच्या फडावर जाताना आईने बाळ कोपीवर (झोपडीत) मोठ्या मुलीकडे सोपवलं तर दर दोन तासांनी आईला पाजायला मोकळं करावं लागेल, हे मुकादमाशी आणि नवऱ्याशी निघण्याआधीच बोलून घ्या.